एकाच नावावर

१७ नोव्हेंबर १९४६, रविवार

आबासाहेब वकील सकाळी चहाला आले होते. येत्या जानेवारीत आमच्या लेडीज टेनिस क्लबाला पंचवीस वर्षे होतात. त्यानिमित्त एक छोटे पुस्तक छापायचे आहे आणि क्लबाच्या भिंतीवर विजेत्या बायकांच्या नावांचा लाकडी फलक लावायचा आहे. पुस्तकात नगरच्या सर्वांत मोठ्या खेळाडूची सगळी कारकीर्द आकड्यांसकट हवी. म्हणाले, "तुम्ही गणिताच्या बाई. आकडे तुमच्याखेरीज कोण जुळवणार?"

मला आधी वाटले, लांबून वळसा घालून ते माझ्याचकडे येताहेत. तीस, एकतीस, बत्तीस, लागोपाठ तीन वर्षे मी चॅम्पियन. चषक तर त्यांच्या डोक्यावरच्याच फळीवर होता. मी जरा संकोच केल्यासारखे करून विचारले, कोणाची कारकीर्द? ते म्हणाले, "कोणाची म्हणजे? गर्गेबाईंची."

रेशनच्या साखरेतली दोन चमचे साखर त्यांच्या कपात घालून बसले होते, ती काही परत काढता येईना. हो म्हटले. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती, हे मला भिंतीतूनही कळले.

२० नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर लिहायला बसले. क्लबाचे जुने कागद युद्धात कोणी कुठे टाकले देव जाणे, पण मला कागद लागत नाहीत. जिंकणारा विसरतो, हरलेल्याला सगळे पाठ असते.

गर्गेबाई म्हणजे माझी सुची. एकोणीसशे सत्तावीस ते एकोणतीस, तीन वर्षे, तिन्ही अंतिम सामन्यांत पलीकडे मी. दर वर्षी आठ जणी, म्हणजे जिंकणारीला तीन सामने. एकूण सामने नऊ, नऊही जिंकले. सेट जिंकले अठरा, हरला एक.

तो एक सेट मी घेतला होता. अठ्ठावीसच्या अंतिम सामन्यातला पहिला, सहा-चार. पुढचे दोन तिने मला दोन आणि एकच गेम देऊन जिंकले ते सोडा. पण सुचीकडून सेट घेणारी आख्ख्या नगरात, कॅम्पातल्या गोऱ्या मडमा धरून, मी एकटी.

आज हे लिहिताना शेणाने सारवलेल्या त्या कोर्टाचा वास आला. सारवण वाळले की चेंडू असा सरळ उठायचा! आम्ही दोघी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, कॅनव्हासचे बूट घालून, रस्त्याने जायचो आणि लोक नावे ठेवायचे. सुची म्हणायची, ठेवू देत, आपल्याला एकेकच नाव आहे, आणखी दोन-चार मिळाली तर बरेच.

२४ नोव्हेंबर, रविवार

आबासाहेबांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावला आणि वकिली सुरू केली. म्हणाले, हे एका बाईचे कसे? सत्तावीस आणि अठ्ठावीसला सुचित्रा निसळ जिंकली, एकोणतीसला नीलांबरी गर्गे. दोन ओळी करा.

मी म्हटले, अहो, अठ्ठावीसचा सामना झाला आणि पुढच्या वैशाखात तिचे लग्न झाले. नाव बदलले, हात तेच होते. ते म्हणाले, तुम्ही सांगता ते घरगुती सत्य. क्लबाने तेव्हा जो निर्णय दिला तो दिला.

हा निर्णय काय होता ते इथे लिहून ठेवते. कोणा कलेक्टरच्या बायकोने चषक दिला तेव्हा अट घातली होती, की लागोपाठ तीन वर्षे एकच नाव कोरले गेले तर चषक कायमचा त्या नावाचा. सुची तीनदा जिंकली. कमिटी बसली. तीत चार वकील. त्यांनी चषक फिरवून फिरवून पाहिला, त्यावर एक नाव दोनदा होते आणि एक नाव एकदा. अटीत 'नाव' म्हटलंय, बाई म्हटलेलं नाही. म्हणजे चषक तिचा होत नाही. कमिटी सुटली.

तिने काही वाद घातला नाही. चषक ठेवून गेली. त्यानंतर तिच्या यजमानांची संगमनेरपलीकडच्या अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक झाली आणि ती पुन्हा खेळली नाही. तिच्यामागे मी तीनदा जिंकले. माझे नाव बदलायला कोणी आले नव्हते, त्यामुळे तिन्ही ओळी सरळ एकाखाली एक आल्या आणि चषक माझा झाला.

तेव्हा हे मला अगदी रीतसर वाटले होते. आजही आबासाहेब बोलत होते तोवर रीतसर वाटत होते. मग तेच वाक्य मी माझ्या अक्षरात लिहिले आणि आता वाटत नाही.

१ डिसेंबर

चषक फळीवरून काढून घासला. आई म्हणाली, दसरा तर होऊन गेला. मी म्हटले, डाग दिसला.

एकोणतीसचा अंतिम सामना डोळ्यांपुढून हलत नाही. पंच आबासाहेबच होते, तेव्हा मिशा काळ्या. पहिली सर्व्हिस तिची. यांनी खणखणीत आवाजात पुकारले, "मिसेस नीलांबरी गर्गे टू सर्व्ह." आणि ही आपली पलीकडे वाकून बुटाची नाडी बांधते आहे. त्यांनी पुन्हा पुकारले. ही माझ्याकडे बघते, जणू मीच नीलांबरी आणि मीच का थांबले आहे. शेवटी मी जाळ्याशी जाऊन ओरडले, "सुचे, तूच गं ती!" सगळे हसले. तीही हसली. मग सहा-तीन, सहा-चार अशी मला हरवून गेली.

मी न ओरडता गंमत बघत उभी राहिले असते तर कदाचित तिचा पहिला गेम तरी गेला असता. हा विचार माझ्या मनात तेव्हा आला नव्हता, आज आला. वय झाले की माणूस हिशेबी होतो.

८ डिसेंबर, रविवार

एक आकडा अडला आहे. सत्तावीसच्या पहिल्या फेरीत सुचीचा सामना मी पाहिला नव्हता, मला ताप होता आणि माझा सामना पुढे ढकलला होता. ती दोन सेटांत जिंकली एवढेच कळले, गेम नाहीत. तो आकडा तिलाच विचारायला हवा. पत्र टाकून चालले असते, पण पत्रात आकडे चुकतात. नाताळच्या सुटीत मीच अकोल्याला जाऊन येते. चषकही नेते, तो पाहून तिला आठवेल.

आई म्हणाली, सतरा वर्षे गेली नाहीस ती एका आकड्यासाठी निघालीस? मी म्हटले, आकडा म्हणजे आकडा.

१२ डिसेंबर

भिंगारच्या कॅम्पात एका दुकानात टेनिसचे चेंडू आले आहेत, युद्ध सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. दोन घेतले. कशाला घेतले, माझे मलाच माहीत नाही. रॅकेटची तार कधीच तुटली आहे.

२५ डिसेंबर, अकोले

सर्व्हिस मोटारीने आले. अजून कोळशाच्याच गॅसवर चालतात या मोटारी. चढ आला की उतरवतात आणि पैसे दिलेल्या माणसांना ढकलायला लावतात. संगमनेरच्या पुढे हवा बदलली. शेतांत भाताची धसकटे आणि खळ्यांवर झोडणी. उतरले तेव्हा तोंड काळे, हातात पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला चषक. लग्नातला आहेर पळवून आणल्यासारखी दिसत असेन.

दवाखान्याच्या मागेच घर. दारात घरकामाची मनकर्णा भेटली. तिने आत वर्दी दिली, "डागदरीनबाई, पाव्हन्या आल्यात. लई काळ्या झाल्यात."

सुची बाहेर आली. केस कानांजवळ पांढरे, अंग भरलेले. एका हातात सूप. मला वाटले होते ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "सरू, तोंड धू आधी." आणि सूप खाली न ठेवता तशीच मला येऊन भेटली, तांदूळ सगळा पडवीभर. मला बरे वाटले. फार बरे वाटले. इतक्या वर्षांत का आले नाही, हे तिने विचारलेही नाही.

२६ डिसेंबर

रात्री सगळे निजलेत तेव्हा लिहिते आहे.

काल संध्याकाळपासून माझे कान एका गोष्टीकडे लागले आहेत. या घरात तिला हाक कशी मारतात? मनकर्णा डागदरीनबाई म्हणते. मुले आई म्हणतात, दीर-जावांची पत्रे वहिनीला येतात, गाव बाईसाहेब म्हणते आणि डॉक्टर नारायणराव म्हणतात, अगं. नीलांबरी हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. म्हणजे एक नाव काढून घेतले, दुसरे दिले, आणि ते दिलेलेही नवे वस्त्र ठेवतात तसे ट्रंकेत.

आज दुपारी जेवताना मी डॉक्टरांना विचारलेच, नाव का बदललेत? मनमोकळा माणूस आहे. हसून म्हणाले, "त्यात गंमत आहे बरं का, सरोजिनीताई. आमच्या थोरल्या वहिनी सुचित्राच. एका घरात दोन सुचित्रा, हाक मारली की दोघी 'ओ' देणार. मग ताटात तांदूळ पसरले, अंगठीने नीलांबरी लिहिलं आणि मोकळा झालो." पुढे कौतुकाने म्हणाले, आमची ही टेनिसची चॅम्पियन होती, एकदा.

मी म्हटले, तीनदा.

ते म्हणाले, नाही, एकदाच, मी होतो ना तिथे. मी म्हटले, तुम्ही यायच्या आधी दोनदा. त्यांचा घास हातातच राहिला. तिच्याकडे बघायला लागले. ती भाजी वाढत होती. जेवण झाल्यावर ते पान लावत माझ्याजवळ बसले आणि एकेक सामना विचारू लागले, कोणाशी, किती गेम, कोणती बाजू. एवढे मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला शाळेत मिळालेला नाही. आठ सामने आणि न पाहिलेल्या नवव्याचा नुसता निकाल सांगून झाल्यावर म्हणाले, मला काहीच माहीत नव्हतं. मग दवाखान्यात निघून गेले.

त्यानंतर आम्ही दोघी मागच्या पडवीत. मी चषक टॉवेलातून काढून तिच्यापुढे ठेवला. तिने पदराने पुसला आणि बुडाशी कोरलेली नावे मोठ्याने वाचली, सहाच्या सहा.

मी म्हटले, "हा तुझा आहे. मी उगाच सांभाळला."

"कोणाचा? सुचित्राचा की नीलांबरीचा?"

"दोघी तूच ना."

"ते आबासाहेबांना विचार," म्हणाली आणि हसली. पण मग हसू आवरून बराच वेळ चषक फिरवत बसली. "सरू, कपाचं काही नाही गं. खरंच काही नाही. पण त्या दिवशी ते नावं मोजत होते ना, तेव्हा वाटलं, माझी ती दोन वर्षं दुसरीच कोणी खेळून गेली. आणि ती मेली."

मी पिशवीतून नवा चेंडू काढून तिच्याकडे टाकला. तिने डाव्या हाताने अलगद झेलला. मग नाकाशी नेला आणि डोळे मिटले. नव्या चेंडूचा तो लोकरीचा, रबराचा वास. मीही दुसरा काढला. चाळिशी उलटलेल्या दोन बायका भर दुपारी पडवीत बसून चेंडू हुंगत होत्या. मनकर्णा बघून गेली.

मी विचारले, पुस्तकात आणि फलकावर कोणते नाव घालू? ती म्हणाली, "आकड्यांची मालकीण तू. तूच ठरव. नाव दिलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आता तू विचारतेस तर मला सुचत नाही."

सत्तावीसच्या पहिल्या फेरीचा आकडा विचारायचा राहिलाच.

२७ डिसेंबर, परत नगर

अंग मोडले आहे, पण आजचे आजच लिहायला हवे.

सकाळी निघताना चषक तिथेच ठेवून सटकायचा माझा बेत होता. तिने पकडले. मनकर्णाला हाक मारून चषक तिच्या हातात दिला. मनकर्णाने तो खालवर पाहिला आणि म्हणाली, "ह्ये माप हाय व्हय? कान कशापायी लावल्यात त्याला?" सुची म्हणाली, नवा तांदूळ भर. तिने शिगोशिग भरला, वर फडके बांधले.

मी म्हटले, अगं, हा तुझा आहे, मी देऊन चालले आहे. सुची म्हणाली, "माझा आहे ना? मग मी कोणालाही देईन. तुला देते. आणि भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, आईने शिकवलं नाही का?"

मोटार-स्टँडपर्यंत पोचवायला आली, मनकर्णा पिशवी धरून मागे. डॉक्टरही दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी "अगं" म्हणून हाक मारली, मग थांबले, पुढे काहीतरी म्हणायचे होते असे वाटले, पण "सावकाश जा," एवढेच माझ्याकडे बघून म्हणाले.

मोटारीत बसले. निरोप झाला. ती वळून घराकडे चालू लागली. तिची चाल अजून तशीच आहे, डावा खांदा जरा खाली. ती दहा-वीस पावले गेली आणि मला एकदम आठवले की आकडा आजही राहिला. मी खिडकीतून हाक मारली, "सुचित्रा!"

ती चालत राहिली.

मी पुन्हा मारली. मनकर्णाने वळून पाहिले, तंबाखू मळणाऱ्या एका म्हाताऱ्याने पाहिले. तिने नाही. कान तिचे धड आहेत. ते नाव तिचे आहे हे तिच्या पाठीला माहीत नव्हते, जसे एकोणतीस साली ते दुसरे माहीत नव्हते. आता कोणत्याच हाकेला ती वळत नाही, असे मनात आले आणि मला रडू फुटले.

मोटारवाल्याने हँडल मारले. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आबासाहेबांच्या आवाजात, होता नव्हता तेवढा दम लावून पुकारले:

"गेम, सेट अँड मॅच, मिस सुचित्रा निसळ!"

ती जागच्या जागी थांबली. वळली नाही. उजवा हात वर केला, कोपरापासून सरळ, टाळ्या वाजल्या की रॅकेट वर करायची तसा. हात वर धरून तशीच उभी राहिली. मोटार सुटली, धूर आला, आणि त्यापुढचे मला दिसले नाही. शेजारच्या बाईने विचारले, कोन लागतात तुमच्या? मी म्हटले, मी हिच्याकडून तीनदा हरले आहे.

१ जानेवारी १९४७

डॉक्टरांचे कार्ड आले, चारच ओळी. सत्तावीसच्या पहिल्या फेरीत सहा-एक, सहा-शून्य. हिला विचारून कळवतो आहे, असे लिहिले आहे. आणि खाली, आपण येऊन गेल्यापासून ही पहाटे अंगणाच्या भिंतीवर चेंडू मारते, पोळपाटाने. पोळपाट फुटल्यास दोष आपला.

५ जानेवारी, रविवार

आबासाहेब मजकूर न्यायला अकराला येणार होते. आईने अकोल्याचा तांदूळ निवडायला ताटात ओतून दिला. खडा एकही नव्हता. मी हात फिरवून तांदूळ सारखा केला आणि बोटाने त्यावर सुचित्रा लिहिले. किती वेळ बघत बसले कोण जाणे.

आई मागे उभी होती. म्हणाली, "अगं, तांदळात नाव नवऱ्याने लिहायचं असतं."

मी म्हटले, त्याने लिहून झालं. मी त्याच्या आधीचं लिहिते आहे.

आई माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

आबासाहेब आले ते थेट त्या ताटापाशीच. त्यांनी चष्म्यातून वाचले. मी म्हटले, तिन्ही वर्षांना हेच नाव लावायचे. ते म्हणाले, "बाई, विचार करा. तिन्ही वर्षं एक नाव झालं तर चषक एकोणतीसलाच त्यांचा झाला. मग तीस-एकतीस-बत्तीसला तुम्ही जिंकलात काय?"

"तिचा चषक जिंकले. आता तिने मला दिलाय. त्यात तांदूळ होता."

त्यांनी अटीतला 'नाव' हा शब्द पुन्हा काढला. मी म्हटले, पंच तुम्ही होता. नीलांबरी म्हणून दोनदा पुकारलेत तेव्हा कोण हललं? सुचे म्हटल्यावर कोण हललं? त्यांनी मिशीवरून हात फिरवला. शेवटी म्हणाले, बरं, सुचित्राच लावतो, पण पुढे कंसात गर्गे. मी कंस दिला. वकिलाला रिकाम्या हाताने पाठवू नये.

आईने ताट उचलले. आधण आलंय म्हणाली, हाताने तांदूळ सारून नाव मोडले आणि धुवायला नेले. भाताला सुरेख वास होता. आबासाहेब जेवायला थांबले.

मजकूर शेवटी असा दिला: सामने नऊ, नऊही जिंकले. सेट जिंकले अठरा, हरला एक. आबासाहेब म्हणाले, एवढ्या मोठ्या कारकिर्दीत तो एक हरलेला सेट कशाला दाखवता, गौरवाचं पुस्तक आहे. मी म्हटले, तो दाखवायचाच, आणि कोणी घेतला तेही लिहायचे. बाकी अठरा तिच्या नावावर असू देत. तो एक माझ्या नावावर आहे, आणि माझे नाव कोणी बदललेले नाही.